मदत हवी आहे: रेशमावर खनिज निळा-हिरवा विरत न्यायचा कसा?

नमस्कार मंडळी,

चिनी चित्रकार वांग शिमेंगच्या 'हजार ली नद्या आणि पर्वत' (ली म्हणजे अंतराचं चिनी माप) या गुंडाळीवरच्या लांब चित्राचा एक लहान तुकडा रेशमावर उतरवते आहे. मूळ पट १११३ सालचा, जवळजवळ बारा मीटर लांब, बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये आहे. त्यातला निळा अझुराइट या खनिजाचा, हिरवा मॅलाकाइट या खनिजाचा. डोंगराच्या माथ्यावर गडद निळा, खाली येता येता हिरवा आणि पायथ्याशी रेशमात मिसळून जाणारी गेरूची तांबूस छटा. ही उतरण माझ्याकडून होत नाहीये.

रेशमाला सरस आणि तुरटीचा हात दिला आहे. शाईच्या रेषा, त्यावर गेरूचा पातळ थर, इथपर्यंत छान जमतं. मग खनिज रंग आला की घोळ होतो. ओल्या कुंचल्याने कड विरवायला जावं तर कण जड असल्यामुळे तळाशी बसतात आणि वाळल्यावर तिथे रेघ उमटते. नीळ वापरली की ही अडचण अजिबात येत नाही, पण निळीला ती खनिजाची चमक नाही, त्यामुळे तो पर्याय मला नको आहे.

पूड पाण्यात ढवळून, निवळवून जाड-बारीक कण वेगळे केले आहेत. बारीक कणांचा रंग फिका येतो, जाड कणांचा गडद. मग कडेला फक्त बारीक कण लावून आत जाड कणांकडे जावं, की आधी सगळीकडे हिरवा देऊन निळा फक्त माथ्यावर चढवावा? सरसाचं प्रमाणही सापडत नाही. कमी पडला तर बोटाला पूड लागते, जास्त झाला तर रंग काळवंडतो. लघुचित्रं करणारे इथे कोणी असतील तर सांगा, तुम्ही डिंकात कालवता, तो गुंडाळायच्या रेशमावर तडकेल का?

आणखी एक. नऊशे वर्षांत मूळ रेशीम तपकिरी झालं आहे. चहाच्या पाण्याने रेशीम आधीच रंगवून घ्या, असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण वांगने रंग लावले ते उजळ रेशमावर. पण कोऱ्या रेशमावर माझा हिरवा फार कच्चा, भडक दिसतो, हेही खरं. छापील आणि पडद्यावरच्या प्रतींत तर दर ठिकाणी वेगळाच निळा. २०१७ साली हा पट पॅलेस म्युझियममध्ये प्रदर्शनात मांडला होता. तेव्हा कोणी प्रत्यक्ष पाहिला असेल तर एवढं सांगा: पायथ्याचा हिरवा पिवळ्याकडे झुकतो की निळ्याकडे?