एजंटच्या हाती जाहिरातखातं: टूलच्या वर्णनात किती लिहावं?

बोलीवाला
जाहिरातखातं सांभाळणाऱ्या एजंटला (स्वतःहून पावलं उचलणाऱ्या एआय प्रोग्रामला) एमसीपीमार्फत, म्हणजे एआयला बाहेरच्या सेवांशी जोडणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमार्फत, टूल्स दिली जातात, तेव्हा बऱ्याचदा सविस्तर माहिती विकीवर असते आणि टूलच्या वर्णनात एवढंच: 'कॅम्पेनचं बजेट बदलते.' विकी एजंट वाचत नाही. त्याच्यासमोर येतं टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कुठल्या रूपात द्यायची याचा साचा). म्हणून पैशाला हात लावणाऱ्या प्रत्येक टूलच्या वर्णनात एकक, बदलाची झळ कुठवर पोचते, बदल मागे घेता येतो का आणि कॉल अर्ध्यावर तुटला तर काय करायचं, हे हवंच.

एककच घ्या. गूगल ॲड्सच्या एपीआयला (प्रोग्राममधून खातं चालवायच्या दाराला) रक्कम मायक्रोमध्ये, म्हणजे चलनाच्या दशलक्षांशात, लागते: ५०० डॉलरसाठी ५०,००,००,०००. मेटाच्या मार्केटिंग एपीआयला तेच सेंटमध्ये, म्हणजे ५०,०००. आणि खातं येनमध्ये असेल तर ५०० येनसाठी ५००च. गूगलचा आकडा मेटाला गेला, तर दिवसाचं बजेट ५० लाख डॉलर! पॅरामीटरचं नाव नुसतं 'रक्कम' ठेवणाऱ्यांना काय म्हणावं?

स्कीमापंथी
असहमत. हे वर्णनात लिहावं लागतंय म्हणजे टूलच चुकीचं बनलंय. रक्कम साध्या दशांशात घ्या, चलनाचा कोड सक्तीचा करा, तो खात्याच्या चलनाशी जुळला नाही तर कॉल नाकारा. गुणाकार सर्व्हर करेल. मॉडेलला मायक्रो कळायची गरजच काय?

शिवाय लांब वर्णनं फुकट पडत नाहीत. ६० टूल्स, प्रत्येकी ४०० टोकन (मॉडेल मजकूर ज्यात मोजतं ते तुकडे), म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच २४,००० टोकन खर्ची. सगळ्याच टूल्सवर 'सावधान' लिहिलं की ते कुठेच लिहिलेलं नसल्यासारखं होतं.

बोलीवाला
गुणाकार सर्व्हरनं करावा, मान्य. पण झळ स्कीमात कुठे बसवणार? गूगलमध्ये बजेट हा वेगळा रिसोर्स आहे. पाच कॅम्पेन एकाच शेअर्ड बजेटवर असतील, तर एकाचं वाढवताना पाचांचं वाढतं. मेटात बजेट कधी कॅम्पेनवर असतं, कधी ॲड सेटवर (कॅम्पेनखालच्या जाहिरातींच्या गटावर). तसंच 'थांबवणं' आणि 'काढणं'. गूगलमध्ये पॉज केलेलं कॅम्पेन पुन्हा सुरू होतं, रिमूव्ह केलेलं होत नाही. 'ही जाहिरात बंद कर' या वाक्यातून एजंट दोन्हींपैकी काहीही उचलू शकतो.

स्कीमापंथी
मग रिमूव्हचं टूल एजंटला देऊच नका. न दिलेल्या टूलला वर्णन लागत नाही.

शेअर्ड बजेटचंही तेच: आधी नुसता आराखडा परत करा, 'हा बदल या पाच कॅम्पेनना लागू होईल', आणि पुष्टीचा कोड आल्याशिवाय अंमल नाही. पुष्टी माणसानं द्यायची, एजंटनं नव्हे. एमसीपीतल्या टूलवर लागणाऱ्या 'रीड ओन्ली' (नुसतं वाचणारं), 'डिस्ट्रक्टिव्ह' (मोडतोड करू शकणारं) या खुणांवरही विसंबू नका. स्पेसिफिकेशनच त्यांना हिंट म्हणतं.

लॉगवाचक
तुम्ही दोघं बदल करणाऱ्या टूल्सवर भांडताय. चुकीचा निर्णय त्याच्या बराच आधी, रिपोर्ट वाचताना झालेला असतो.

गूगलच्या मुख्य कन्व्हर्जन कॉलममध्ये कन्व्हर्जन (जाहिरातीतून घडलेली खरेदी वगैरे) क्लिकच्या तारखेला जमा होतं. गिऱ्हाईक क्लिकनंतर सहा दिवसांनी खरेदी करत असेल, तर कालपरवाचे दिवस नेहमीच कंगाल दिसणार: खर्च पूर्ण, कन्व्हर्जन अर्धवट. एजंट म्हणतो खर्च वाया चाललाय, आणि चांगलं चाललेलं कॅम्पेन पॉज करतो. मेटात तर मोठे फेरबदल लर्निंग फेज (जाहिरात कुणाला दाखवायची हे सिस्टिम शिकते तो काळ) पुन्हा सुरू करतात, आणि तिथून बाहेर यायला आठवड्यात साधारण ५० कन्व्हर्जन लागतात. एजंट रोज ढवळत राहिला तर ॲड सेट कधी स्थिरावणारच नाही.

दिवसाच्या खर्चाचंही तसंच. गूगल एखाद्या दिवशी सरासरी दैनिक बजेटच्या दुप्पट खर्च करू शकतं. महिन्याचा हिशेब ३०.४ पटीत बसवतं. हे माहीत नसलेला एजंट १००० खर्चलेले बघतो, बजेट ५०० बघतो आणि कापाकापी सुरू करतो.

माझ्या मते हे वर्णनातही नको, विकीतही नको. उत्तराच्या डेटातच हवं: प्रत्येक ओळीला 'आकडे अजून भरतायत' अशी खूण, खात्याचा टाइमझोन, चलन. आकडा आणि त्याची अट एकत्र आली तरच अट वाचली जाते.

बोलीवाला
हे पटलं. पण टाइमआउटचं उत्तर डेटात देता येत नाही, कारण उत्तरच आलेलं नसतं. कॅम्पेन बनवताना कनेक्शन तुटलं आणि एजंटनं पुन्हा कॉल केला, तर गूगल तेच नाव दुसऱ्यांदा घेत नाही, एरर देतं. मेटा घेतं, आणि दोन कॅम्पेन उभी राहतात. 'उत्तर आलं नाही तर आधी नावानं शोध, मगच पुन्हा बनव' हे वाक्य वर्णनातच लागेल.

स्कीमापंथी
तेवढं एक वाक्य चालेल. पण 'बजेट २० टक्क्यांनी वाढव' असं सापेक्ष टूल मात्र ठेवू नका. दोनदा चाललं तर ४४ टक्के होतं. 'बजेट ६०० कर' दहादा चाललं तरी ६००च.

कोपरखळी
आणि व्हॅलिडेट ओन्लीच्या (बदल न करता विनंती नुसती तपासणाऱ्या सोयीच्या) भरवशावर राहणाऱ्यांसाठी: त्यात विनंतीची वैधता कळते, शहाणपणा नाही. नियमात बसणारं अवाजवी बजेट तिथून बिनबोभाट पास होतं. कमाल मर्यादा तुमच्याच सर्व्हरवर लावा, आणि ती ओलांडल्यावरच्या एररमध्ये मर्यादा किती, मागणी किती आणि कुणाला विचारायचं ते लिहा. नुसतं 'अवैध इनपुट' आलं की एजंट रक्कम थोडी थोडी घटवत मर्यादेला टेकेपर्यंत कॉल करत बसतो.