सोयाबीन उगवलं नाही तर ग्रुपवर लॉट नंबर टाकायचा की नाही?

तिफण (धागाकर्ता)
आपल्या भागातल्या कृषी सेवा केंद्रवाल्यांच्या आणि कृषी पदवीधरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खरिपाच्या तोंडावर नवी आचारसंहिता लावायलेत. थोडक्यात अशी: एक, लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायला सरकारी मंजुरी) नसलेल्या औषधाचा डोस सांगायचा नाही आणि ‘फवारणीच्या पंपाला इतके मिली’ असं लिहायचं नाही. दोन, शेतकऱ्याचं बिल, सातबारा, आधार, चेहरा दिसेल असा फोटो टाकायचा नाही. तीन, बियाण्याची तक्रार असेल तर तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा होईपर्यंत कंपनीचं नाव आणि लॉट नंबर (पिशवीवरचा त्या खेपेचा क्रमांक) टाकायचा नाही. मोडलं की ॲडमिन बाहेर काढणार.

पहिली दोन कलमं चालतील. तिसऱ्याला माझा साफ विरोध. सोयाबीन ५ ते ७ दिवसांत वर येतं. नाही आलं तर आठव्या-नवव्या दिवशी शेतकरी दुकानात, मग अर्ज, मग समितीची तारीख. आपल्याकडे पाऊस काही सगळीकडे एकदम पडत नाही. उदगीरला आज पेरणी, तर अंबाजोगाईला आठवड्याने. उदगीरचा पंचनामा होईस्तोवर त्याच लॉटचं बी अंबाजोगाईत मातीत गेलेलं असतं. त्यानंतर लॉट नंबर कळून करायचं काय?

बियाणेवाला
तिफणराव, ग्रुपवर लॉट नंबर पडला की ‘लॉट बोगस’ असंच वाचलं जातं. खालचं कुणी वाचत नाही. संध्याकाळपर्यंत तो मेसेज चार गावांत आणि दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याच्या नावाने वकिलाची नोटीस.

आणि न उगवण्याची कारणं पिशवीतच असतात असं नाही. ओळ उकरून बघा. बी ५ सेंटीमीटरच्या खाली गेलेलं असेल तर ती ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राची चूक, सोयाबीन ३-४ सेंटीमीटरवरच पडायला पाहिजे. मोड फुटून, मान वाकडी होऊन वरच्या मातीच्या कडक पापडीखाली अडकलेला असेल तर पेरणीनंतरच्या ठोक पावसाने माती चोपली. बी फुगून सुकलं असेल तर ७५-१०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आधीच घाई केली. बी जसंच्या तसं पण दाबल्यावर पिठासारखं होत असेल, तेव्हा कुठे बियाण्यावर संशय. त्यातही सोयाबीनचं टरफल पातळ. हमालाने पिशवी ट्रकवरून आदळली, ओल्या फरशीवर थप्पी लावली, तरी उगवण उतरते. तो दोष दुकानाचा, लॉटचा नाही.

तिफण
तुम्ही सांगितलेली चारही कारणं मान्य. पण ती वेगळी काढायची कशी? दोन ठिकाणांची तुलना करूनच ना! एकच लॉट तीन तालुक्यांत गेला आणि तिन्हीकडे उगवला नाही तर खोली, पापडी, थप्पी ही कारणं बाद. एकाच शिवारात फेल गेला तर लॉट सुटला. लॉट नंबर लपवला तर निर्दोष लॉटही सुटत नाही, हे लक्षात घ्या.

२०१९ च्या ऑक्टोबरात काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं. पुढच्या खरिपात मराठवाड्यात न उगवल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. असं भिजलेलं बी एका दुकानापुरतं नसतं.

गोदाकाठ
तिसऱ्यावर भांडताय, पण पहिलं कलम सगळ्यात कामाचं आहे. अळीचं औषध क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी (पातळ द्रावण) उदाहरणाला घ्या. सोयाबीनला हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६० मिली. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर १० लिटरला ३ मिली. आता कुणी ‘पंपाला ५ मिली’ लिहिलं. कुणाचा पंप १० लिटरचा, कुणाचा १५, कुणाचा २० लिटरचा. २० लिटरच्या पंपाने एकरात आठ पंप मारले की औषध गेलं ४० मिली. पॉवर स्प्रेवाल्याने एकरी ६०-८० लिटरच पाणी वापरलं, तर तीन-चार टाक्यांत १५-२० मिली. अळी मरत नाही आणि बोंब कुणाच्या नावाने? औषध डुप्लिकेट! म्हणून एकरी मिली आणि एकरी पाणी, दोन्ही लिहा. पंप हे माप नाही.

करडईवाला
डोस एकरी लिहा, त्याला ना नाही. पण लेबल क्लेमची अट सोयाबीन-कापसापुरती सोपी आहे. करडई, जवस, अंबाडीला लेबल क्लेम असलेली औषधं बोटावर मोजण्याइतकी. करडईवर मावा चढला की शेंडे चिकट-काळे पडेपर्यंत काय नियमावली वाचत बसायचं? परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस असेल तर शिफारशीच्या वर्षासकट लिहायला मुभा द्या. नाहीतर हा सल्ला ग्रुपवरून उठून फोनवर जाईल, आणि फोनवर चूक दुरुस्त करायला दुसरा कुणी नसतो.

काळी माती
फोटोचंही बोला की. नियम चेहऱ्याचा केला, खरी अडचण उत्तरांची आहे. कापसाच्या शेंड्याचा फोटो पडतो: पानं बोटांसारखी चिरलेली, शिरा समांतर, जवळपास भेंडीच्या पानासारखी. खाली लगेच ‘व्हायरस’, ‘तुडतुडे’, आणि तीन औषधांची नावं. बऱ्याचदा तो २,४-डी या तणनाशकाचा झटका असतो. शेजारच्या उसात ते मारताना वाऱ्याने आलेला, नाहीतर तोच पंप नीट न धुता कापसाला वापरलेला. ओळख सोपी आहे: खालची जुनी पानं ठणठणीत, फक्त नवी वाकडी. तुडतुड्यात पानाची कड आधी पिवळी, मग लाल होऊन खाली वळते. २,४-डीला उतारा म्हणून कुठलंच औषध नाही. तीन औषधं मारली तर पैसे मातीत.

म्हणून नियम असा पाहिजे: पूर्ण झाड, शेंडा आणि जुनं पान असे तीन फोटो, पेरणीची तारीख, आधीची फवारणी, शेजारी कोणतं पीक. हे आल्याशिवाय कुणी औषधाचं नाव काढायचं नाही. बिलावरचं नाव आणि मोबाईल मात्र झाकाच. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा बाजूला ठेवला तरी, शेतकऱ्याला उद्या दहा विक्रेत्यांचे फोन यायला नकोत.

तिफण
मग तिसऱ्या कलमालाही तसंच करू. लॉट नंबर टाकायचा, पण सोबत पेरणीची तारीख, खोली, पाऊस, उकरलेल्या ओळीचा फोटो आणि त्याच लॉटची गोणपाट चाचणी: १०० दाणे, दहा-दहाच्या ओळी, ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत, सात-आठ दिवसांनी मोजणी. ७० च्या खाली आले तरच पोस्ट.

बियाणेवाला
चाचणीला पिशवी फोडावी लागते, आणि फोडलेली पिशवी विकता येत नाही. तिचे पैसे कोण देणार? शिवाय सात दिवस थांबलात तर तुमचाच वेळेचा मुद्दा निकालात निघाला.

तिफण
चाचणी पेरणीनंतर नाही, माल दुकानात उतरल्या दिवशी लावायची. मे महिन्यात. पिशवीचा खर्च त्या लॉटचे पाच-सहा दुकानदार मिळून वाटून घेतील. ६० दाणे उगवले तर एकरी ३० किलोऐवजी ३५ किलो पेरा, एवढं तरी शेतकऱ्याला आधी सांगता येईल.

बियाणेवाला
मेमध्ये असेल तर माझी हरकत नाही. कंपनीचं नाव मात्र नको.

गोदाकाठ
लॉट नंबर टाकल्यावर कंपनी कळायची राहते होय?

बियाणेवाला
आपल्याला कळू द्या. पण तो आकडा ग्रुपच्या बाहेर फॉरवर्ड झाला, तर ॲडमिन कुणाला काढणार, ते आधी लिहून द्या.