दीड तासाच्या माहितीपटावर कंपनीचा निकाल लावायचा का?

अर्धविराम (धागाकर्ता)

परवा घरात सगळ्यांनी मिळून एक माहितीपट पाहिला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा तिच्यावरच घसरेल. संपल्यावर पाचच मिनिटांत जाहीर झालं की यापुढे त्या कंपनीचं काहीही घरात येणार नाही. मीही मान डोलावली. रात्री झोप येईना म्हणून शोधत बसलो तर कळलं, ज्या खटल्यावर माहितीपटाचा शेवटचा अर्धा तास उभा आहे त्यात कंपनी वरच्या कोर्टात सुटलेली आहे. तसं ते माहितीपटातही आहे बरं का! श्रेयनामावलीच्या आधी, काळ्या पडद्यावर एक ओळ. मी तेव्हा रिमोट शोधत होतो.

कंपन्यांवर नजर हवीच, त्यावर वाद नाही. पण आपण हल्ली आधी शिक्षा सुनावतो आणि जमलंच तर मग पुरावा बघतो. पुरावा म्हणून जे बघतो तेही कुणीतरी कापून, जोडून, खाली संगीत घालून दिलेलं असतं. धुराड्याचं दृश्य आणि त्यामागे रडवं व्हायोलिन, की झालं अर्धं काम.

जुनं उदाहरण देतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत एनबीसीच्या 'डेटलाइन'ने जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकवर एक भाग दाखवला. बाजूने धडक बसली की ट्रक पेट घेतो, हे चक्क धडक देऊन दाखवलं. ट्रक पेटला. फक्त प्रेक्षकांना हे सांगितलं नव्हतं की तो पेटेलच याची सोय म्हणून त्याला खेळण्यातल्या रॉकेटची इंजिनं बांधली होती. कंपनीने खटला भरला. दुसऱ्याच दिवशी, ९ फेब्रुवारी १९९३ ला, वाहिनीने कार्यक्रमातच माफी मागितली आणि पुढच्या महिन्यात वृत्तविभागाच्या प्रमुखाला घरी जावं लागलं.

किंवा २००४ चा तो महिनाभर फक्त मॅकडोनाल्ड्समध्ये खाण्याचा माहितीपट. तो काढणाऱ्या आणि त्यात स्वतःच खाणाऱ्या मॉर्गन स्परलॉकच्या यकृताचे आकडे बघून त्यात डॉक्टर चक्रावतात. डिसेंबर २०१७ मध्ये त्यानेच जाहीर लिहिलं की तीस वर्षांत आपण आठवड्याहून जास्त काळ दारूशिवाय राहिलेलो नाही. म्हणजे तेरा वर्षं लोकांनी ते यकृत बर्गरच्या खात्यावर मांडलं.

या कंपन्यांकडे निदान वकिलांची फौज होती. तसलीच चित्रफीत चार माणसांच्या धंद्याविरुद्ध फिरली तर त्यांनी जायचं कुठे?

पाणचक्की

असहमत, आणि जोरात असहमत.

"आधी शिक्षा, मग पुरावा" हे वाचायला छान आहे, पण मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटं घडतं. पुरावा वर्षानुवर्षं पडून असतो आणि कुणी ढुंकून बघत नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण घ्या. फुजित्सूच्या 'होरायझन' नावाच्या संगणकप्रणालीत खोट्या तुटी दिसायच्या आणि त्या तुटी पोस्ट चालवणाऱ्या साध्या माणसांच्या माथी मारल्या गेल्या. नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली. 'कॉम्प्युटर वीकली'ने हे २००९ मध्ये छापलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचं म्हटलं. पुढे सरकारी चौकशीही बसली. तरी सामान्य माणसाला विचारलं असतं तर त्याने खांदे उडवले असते.

मग जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीवर चार भागांत ती गोष्ट दाखवली. पहिल्या आठवड्यात देश पेटला. १० जानेवारीला पंतप्रधानांनी सगळ्या शिक्षा एका कायद्याने रद्द करण्याची घोषणा केली, आणि मे महिन्यात तो कायदा झालाही. पोस्ट ऑफिसच्या माजी प्रमुख बाईंना मिळालेला किताब परत करावा लागला. पंधरा वर्षं कागद ओरडत होते, ऐकायला कुणी नव्हतं. तुमचं ते व्हायोलिन वाजलं तेव्हा ऐकू गेलं.

तळटीप

एक दुरुस्ती. पाणचक्की म्हणतात तो माहितीपट नव्हता, नाट्यमालिका होती. नट, लिहिलेले संवाद, सगळं. म्हणजे यातून अर्धविरामांचाच मुद्दा भक्कम होतो. पंधरा वर्षांच्या पुराव्याने जे झालं नाही ते टोबी जोन्स या नटाच्या पडलेल्या चेहऱ्याने झालं. यावेळी गोष्ट खरी होती म्हणून ठीक. लोकांच्या भावना हलवण्याची कळ खऱ्या गोष्टीला जशी सापडते तशीच खोट्यालाही.

पाणचक्की

मालिका होती हे मान्य, मी "गोष्ट" असंच म्हटलंय, पुन्हा वाचा :)

आणि कळ दोघांनाही सापडते म्हणता, पण दोघांची ताकद सारखी आहे का? कंपनीकडे जाहिरातीचं खातं आहे, जनसंपर्काचं खातं आहे, कायद्याचं खातं आहे. त्यांचे गुलाबी सिनेमे आपण रोज फुकट बघतो, तेही तीस-तीस सेकंदांचे. तिथे कुणी दुसरी बाजू मागत नाही. दीड तास कुणी उलटं बोललं की मात्र आपल्याला समतोल आठवतो.

जुना_हिशेब

अमेरिकेतलं सागरी प्राण्यांचे खेळ दाखवणारं ते सीवर्ल्ड आलं नाही अजून? आश्चर्य आहे.

२०१० मध्ये ऑर्लँडोला तिथल्या टिलिकम नावाच्या ऑर्काने ('किलर व्हेल') प्रशिक्षिकेला मारलं. त्यावरचा 'ब्लॅकफिश' हा माहितीपट २०१३ मध्ये आला, ऑक्टोबरात सीएनएनने तो घरोघरी पोचवला. कंपनी ठामपणे सांगत राहिली की आमच्या गर्दीवर याचा काही परिणाम नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये शेअर एका दिवसात तेहतीस टक्के कोसळला. मार्च २०१६ मध्ये ऑर्कांचं प्रजनन बंद करत असल्याचं जाहीर झालं. आणि २०१८ मध्ये, माहितीपटाचा परिणाम गुंतवणूकदारांपासून लपवल्याच्या आरोपावरून कंपनी आणि तिच्या माजी प्रमुखाने मिळून पन्नास लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून अमेरिकी बाजार नियामकाशी तडजोड केली.

म्हणजे बघा, माहितीपटाने जे दाखवलं ते बाजूला राहू द्या, "आम्हाला फरक पडत नाही" हे सांगणं महाग पडलं. अशी मजा क्वचितच बघायला मिळते.

अर्धविराम

@जुना_हिशेब, सीवर्ल्डचं श्रेय माहितीपटाला जरा जास्तच मिळतं असं मला वाटतं. कामगार सुरक्षा खात्याने दंड केला तो २०१० मध्येच, कॅमेरा यायच्या आधी. प्रशिक्षकांना ऑर्काजवळ पाण्यात उतरू न देण्याचं ते प्रकरण कंपनीने वरच्या कोर्टात नेलं आणि एप्रिल २०१४ मध्ये तिथेही ती हरली. हे कंटाळवाणं काम निरीक्षकांनी आणि वकिलांनी केलं. त्यावर कुणी व्हायोलिन वाजवलं नाही.

आणि पुढे काय झालं? २०२२ मध्ये त्याच कंपनीने विक्रमी उत्पन्न जाहीर केलं. लोकमत आलं तसं ओसरलं.

जुना_हिशेब

लोकमत ओसरलं, पण प्रजनन पुन्हा सुरू झालं का? नाही. लोक विसरले तरी निर्णय मागे राहिला. मला तेवढं पुरतं. खात्याच्या आदेशाने माणसं वाचली, ऑर्कांसाठी त्यात एक ओळ नव्हती.

निवांत

माझं मत: दोन्ही बाजू बरोबर. आता कुणीतरी चहा टाका.

तळटीप

@निवांत, तुम्ही दर धाग्यावर हेच लिहिता.

अर्धविरामांच्या त्या ट्रकच्या उदाहरणाकडे परत जायचं आहे, कारण ते अर्धंच सांगितलं गेलंय आणि उरलेलं अर्धं जास्त बोलकं आहे. ते ट्रक निर्दोष नव्हते. १९७३ ते १९८७ च्या त्या गाड्यांत इंधनाच्या टाक्या सांगाड्याच्या बाहेर, बाजूला बसवलेल्या होत्या. एनबीसीने माफी मागितली त्याच्या पाचच दिवस आधी अटलांटाच्या ज्युरीने अशाच एका ट्रकमध्ये जळून मेलेल्या मुलाच्या पालकांच्या बाजूने १० कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरवली होती. (पुढे अपिलात तो निकाल रद्द झाला, हेही सांगून टाकतो, नाहीतर माझ्यावरच काळ्या पडद्याचा आरोप व्हायचा.) एप्रिल १९९३ मध्ये वाहतूक सुरक्षा खात्याने कंपनीला गाड्या परत बोलवायची विनंती केली. कंपनीने नकार दिला. शेवटी डिसेंबर १९९४ मध्ये सुरक्षिततेच्या कार्यक्रमांवर ५ कोटी १० लाख डॉलर खर्च करायच्या बोलीवर विषय मिटला. गाड्या रस्त्यावरच राहिल्या.

आता विचारा, त्या रॉकेटचा फायदा कुणाला झाला? टाकीबद्दलचा वाद त्या आठवड्यात वाहिनीच्या लबाडीबद्दलचा वाद झाला. आज तीस वर्षांनी अर्धविरामांसारख्या वाचणाऱ्या माणसालाही रॉकेट आठवतं, टाकी नाही. कंपनीने स्वतः पैसे ओतले असते तरी इतकी चांगली जाहिरात झाली नसती.

म्हणून माझी तक्रार जरा वेगळी आहे. खोटी भर घालणारा माहितीपट कंपनीवर अन्याय करतो हे खरंच, पण त्याहून मोठा अन्याय ज्यांच्या बाजूने तो बोलतो त्यांच्यावर करतो. स्परलॉकचंही तेच. त्या खाण्याबद्दलचे रास्त प्रश्न आता कुणी काढले की उत्तर तयार असतं, "अहो तो तर दारू प्यायचा."

पाणचक्की

हे मात्र पटलं. टाकीबद्दल मलाही माहीत नव्हतं.

खिडकीपाशी

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. मी एका कंपनीच्या समाजमाध्यमांच्या विभागात सहा वर्षं काम केलं आहे (आता नाही). तुम्ही सगळे माहितीपटांवर बोलताय, पण आमच्या विभागात माहितीपटाला कुणी घाबरत नव्हतं. माहितीपटाची कुणकुण आधी लागते, प्रश्न पाठवले जातात, उत्तराला वेळ मिळतो. भीती असते ती फोनवर काढलेल्या वीस सेकंदांची.

आतली पद्धत सांगते. तक्रार आली की आधी तक्रार वाचली जात नसे, तक्रारदाराचे फॉलोअर मोजले जात. ठरावीक आकड्याच्या वर असेल तर तासाभरात फोन. खाली असेल तर "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत", तेही ठोकळा मजकूर. एकदा एकाच बिघाडाच्या दोन तक्रारी एकाच दिवशी आल्या. एका ग्राहकाला नवीन वस्तू घरपोच गेली, दुसरा तीन महिने ईमेल पाठवत राहिला. दुसऱ्याचा बिघाड जास्त गंभीर होता. ते ईमेल मीच उघडत होते.

त्यामुळे समाजमाध्यमांनी ग्राहकाला आवाज दिला असं कुणी म्हटलं की मला तो दुसरा माणूस आठवतो. आवाज मिळाला तो ज्याचा आधीच मोठा होता त्याला.

जुना_हिशेब

@खिडकीपाशी, अनुभव मोलाचा आहे, पण निष्कर्ष पटत नाही. २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने ज्याची गिटार मोडली तो कॅनडाचा गायक काही जगप्रसिद्ध नव्हता. नऊ महिने दाद मागून थकला, शेवटी २००९ मध्ये गाणं करून यूट्यूबवर टाकलं आणि कंपनीचा शेअर दहा टक्के पडला! १८ कोटी डॉलर बुडाले.

तळटीप

तो दहा टक्क्यांचा किस्सा व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत फार फिरतो, पण त्यात फारसा दम नाही. त्या दिवसांत विमान कंपन्यांचे शेअर तसेही हिंदकळत होते आणि तो घसरलेला शेअर पुन्हा वर आला. गाणं आणि घसरण एका आठवड्यात आली एवढंच.

त्याच कंपनीचं २०१७ बघा. प्रवाशाला खुर्चीतून ओढत नेतानाची चित्रफीत जगभर गेली, त्यावर प्रमुखांचं पहिलं निवेदन इतकं कोरडं की आगीत तेल. शेअर दोन दिवस हलला आणि काही आठवड्यांत आधीपेक्षा वर गेला. बदल झाला तो दुसरीकडे. जागा सोडणाऱ्या प्रवाशाला द्यायच्या भरपाईची मर्यादा त्याच महिन्यात दहा हजार डॉलरपर्यंत वाढवली. लोकांचा राग शेअर बाजारात मोजू नका, तो नियमावलीत शोधा.

अर्धविराम

आणि राग निराधार असेल तर? जुलै २०२० मध्ये वेफेअर या फर्निचर विकणाऱ्या कंपनीबद्दल उठवलं की महागड्या कपाटांच्या नावाखाली मुलं विकली जातात. आधार काय, तर कपाटांना माणसांची नावं आणि किमती जास्त. लाखो लोकांनी ते पुढे ढकललं. मानवी तस्करीच्या मदतवाहिनीवर फोनचा इतका भडिमार झाला की खऱ्या पीडितांचे फोन अडकायला लागले. त्यावर कुठली नियमावली सुधारली?

पाणचक्की

काहीच नाही, मान्य. पण ती लबाडी समाजमाध्यमांनी शोधून काढलेली नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या चंद्र-ताऱ्यांच्या चिन्हात सैतान आहे ही अफवा १९८० च्या दशकात कागदी पत्रकांवर आणि तोंडोतोंडी फिरत होती. २००७ पर्यंत कंपनी त्यासाठी कोर्टात होती.

बरं अर्धविराम, एक विचारायचं राहिलं. तुमच्या माहितीपटातली कंपनी वरच्या कोर्टात सुटली म्हणालात. कशावर सुटली?

अर्धविराम

म्हणजे?

पाणचक्की

म्हणजे तिने ते केलंच नव्हतं असं कोर्ट म्हणालं, की दुसरं काही?

अर्धविराम

थांबा, निकाल काढून वाचतो.

अर्धविराम

वाचला. छत्तीस पानं आहेत, म्हणून उशीर झाला. दावा मुदतीनंतर दाखल झाला म्हणून फेटाळला आहे. कंपनीने ते केलं की नाही यात आम्ही जात नाही, असं चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलंय.

त्या रात्री मी फक्त बातमीचा मथळा वाचला होता.

निवांत

म्हणजे घरातली बंदी कायम?

अर्धविराम

बंदी उठलीच नव्हती. कंपनी सुटली हे मी अजून घरी सांगितलं नव्हतं, इथेच सांगितलं.