टोस्टमास्टर्स स्पीच कॉन्टेस्ट: 7:20 चालेल का?

पहिल्यांदाच आमच्या टोस्टमास्टर्स क्लबच्या (भाषण करायला शिकायचा क्लब) इंटरनॅशनल स्पीच कॉन्टेस्टला उभी राहतेय, भाषण आजीच्या जात्यावर आहे पण घरी म्हणून बघितलं की 7 मिनिटं 20 सेकंद होतात, काय करू?

> ताई, 7:30 च्या वर गेलं की डिस्क्वालिफाय, 4:30 च्या आतही तेच. लोक हसले, टाळ्या पडल्या की वेळ जातोच. मी 7:34 ला बाद झालो, लाल दिवा दिसत होता पण शेवटचं वाक्य सोडवेना, अजून वाईट वाटतं. घरी साडेसहातच बसव.

> 5 मिनिटांना हिरवा दिवा, 6 ला पिवळा, 7 ला लाल. पिवळा दिसला की शेवटाकडे वळायचं. जात्याची घरघर, पिठाचा वास अजिबात काढू नकोस गं, सुरुवातीचे आभार काढ.

आभार काढले, 6:35 झाले!! दोघांनाही मनापासून थँक्यू.