हॅमस्टर हलतच नाही, पिंजरा कोणता घ्यावा?

सोनुली
सिरियन जातीची मादी, वय साधारण १४ महिने, वजन १७२ ग्रॅम. मुक्काम नागपूर. सध्याचा पिंजरा तारेचा, दोन मजली, ४७ × ३० सें.मी.; आत शिडी, १४ सें.मी.चं चाक आणि तळाला बोटभर भुसा. बाई दिवसभर घरकुलात पडून. चाकाकडे बघत नाही, वर चढणंही बंद. दुकानदाराचं म्हणणं, "आळशीच जात आहे, उलट अजून लहान घ्या, साफ करायला सोपं."
एवढ्या सुस्त जनावराला मोठं घर लागतं का? आणि घ्यायचंच तर काचेची टाकी, प्लॅस्टिकचा खोका की मोठा तारेचा?

गालपिशवी
आधी ती खरंच सुस्त आहे का ते बघा. हॅमस्टर रात्रीचं जनावर आहे. दिवसभर झोपलेलं दिसणं म्हणजे काहीच पुरावा नाही. रात्री दिवे घालवायच्या वेळी घरकुलाच्या दारापुढे आणि चाकाच्या आत चिमूटभर नाचणीचं पीठ गाळणीनं भुरभुरवा, सकाळी पावलं बघा. (रांगोळी वापरू नका, ती दगडाची पूड, नाकात जाते.) असं चार रात्री करा.

आता चाक. सिरियनची लांबी १५ ते १८ सें.मी. आणि तुमचं चाक १४चं! म्हणजे पळताना पाठ धनुष्यासारखी वाकणार. ती पळत नाही, याचं कारण आळसापेक्षा पाठदुखी असण्याची शक्यता मला जास्त वाटते. सिरियनला २८ सें.मी. व्यासाचं चाक द्या. पळायची पट्टी सलग हवी, जाळीची किंवा दांड्यांची नको, त्यात पाय अडकून मोडतो. पळताना पाठ सरळ राहिली की माप बरोबर.

जागेचं म्हणाल तर ४७ × ३० म्हणजे १४१० चौ. सें.मी. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात सोनेरी हॅमस्टर (म्हणजे सिरियनच) १८००, २५००, ५००० आणि १०,००० चौ. सें.मी.च्या पिंजऱ्यांत ठेवून पाहिले होते (२००७). लहान पिंजऱ्यातले तार जास्त वेळ कुरतडत होते, आणि १०,०००मध्येही ते पूर्ण थांबलं नाही. तुमचा पिंजरा त्यांच्या सर्वांत लहानापेक्षाही लहान भरतो. जर्मन पशुवैद्यांची प्राणिकल्याण संघटना किमान १०० × ५० × ५० सें.मी. सांगते. तेच धरून चाला. वजनदार जनावराला उंची नको, सपाट जमीन हवी. वरचा मजला आणि शिडी आजच काढा. हॅमस्टरला नीट दिसत नाही आणि खोलीचा अंदाजही कमी, त्यामुळे कडेवरून सरळ चालत जाऊन पडतो.

काचवाला
नवा तारेचा पिंजरा बाद. त्याचा तळाचा ट्रे १०-१५ सें.मी.च्या वर सहसा मिळत नाही, म्हणजे खणायला भुसा भरताच येत नाही. भरलात तर उकरून सगळा खोलीभर.

फिशटँकवाल्याकडून ३ × १.५ × १.५ फुटाची टाकी करून घ्या. हे मोजमाप त्यांच्या रोजच्या कामातलं. शक्य असेल तर ४ × २ फूट, कारण ३ × १.५ म्हणजे साधारण ९१ × ४६, जर्मन मापापेक्षा थोडी कमीच. पाणी भरायचं नाही, त्यामुळे ५ मि.मी. काच पुरते आणि आडव्या पट्ट्या लागत नाहीत. गळकी, परत आलेली टाकीही चालते, स्वस्तात मिळते. फक्त आतल्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन सुटं असेल तर आधी काढून टाका, नाहीतर कुरतडते. ३ फुटी टाकीचं नुसतं काचेचं वजन २० किलोच्या आसपास, तेव्हा प्लायच्या फळीवर ठेवू नका. खाली थर्माकोल घाला, एका कोपऱ्यावर भार आला की काच तडकते.

झाकण काचेचं अजिबात नको. अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलची चौकट आणि अर्ध्या इंची वेल्डमेश (तारेची जोडजाळी). सिरियनला अर्धा इंच चालतो. बुटका (ड्वार्फ) हॅमस्टर असेल तर पाव इंची घ्या, तो बोटभर फटीतून निसटतो.

वेल्डमेश_वेडा
काचवाल्यांशी मापाबाबत सहमत, पण गाव नागपूर आहे हो. उभ्या काचेच्या टाकीत हवा फक्त वरून खेळते. मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असताना ती टाकी भट्टी होते, आणि हॅमस्टरला १८ ते २४ अंश मानवतं, तिशीच्या वर उष्माघाताची भीती. त्यामुळे टाकी घेतलीत तर १८ इंचांपेक्षा उंच नको.

दुसरा मार्ग म्हणजे मोठा साठवणीचा पारदर्शक खोका. तळ मोजून घ्या, झाकण नव्हे. भिंती आत कललेल्या असतात, तेवढ्यात ८-१० सें.मी. जातात. समोरच्या भिंतीत, भुशाच्या पातळीच्या वर, मोठी खिडकी कापा. करवतीने प्लॅस्टिक तडकतं. तापवलेल्या पात्यानं सावकाश कापा, दारं उघडी ठेवून. कडा कानसीनं घासा. जाळी आतून लावायची, खिडकीपेक्षा सगळीकडून ३ सें.मी. मोठी. बाहेरून लावलीत तर प्लॅस्टिकची कापलेली कड तिच्या दातांसमोर उघडी राहते आणि दोन रात्रीत भोक. दर ८-१० सें.मी.ला नटबोल्ट आणि दोन्ही बाजूंना वॉशर. बोल्टचं टोक बाहेर. केबल टाय आणि ग्लू गननं भागत नाही, दोन्ही कुरतडून होतात.

एका खोक्याचा तळ अपुरा पडला तर दोन खोके ७५ मि.मी. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यानं जोडा. दुकानातल्या रंगीत नळ्या ५ सें.मी.च्या असतात. १७२ ग्रॅमचं जनावर, दोन्ही गालपिशव्या भरलेल्या... ते अडकणारच.

सोनुली
चार रात्री पीठ टाकलं. दारापुढे भरपूर पावलं, चाकात एकही नाही. ३ फुटी टाकी सांगितली आहे, ४ फुटी दारातून वळत नाही. आता भुसा कुठला आणि किती? सुताराकडे फुकट मिळतो. आणि मुंग्यांचं काय?

गालपिशवी
म्हणजे बाई फिरते, फक्त तुमच्यासमोर नाही. छान.

सुताराचा भुसा नको. त्यात प्लायचा डिंक, पॉलिशची धूळ आणि बऱ्याचदा पाइन असतो. देवदार-पाइनच्या वासानं श्वसनाचा त्रास होतो. कॉर्नकॉबही (मक्याच्या कणसाचा चुरा) नको, खणता येत नाही, पावसाळ्यात बुरशी धरतो. कागदी बेडिंग घ्या किंवा धूळ चाळलेला अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा. नुसत्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांत बीळ उभं राहत नाही. तीन भाग कागदी बेडिंग, एक भाग सुकं गवत, थरावर थर, प्रत्येक थर तळहातानं दाबून. गवताच्या काड्या सळ्यांसारखं काम करतात. तुमच्या टाकीत २५ सें.मी. खोल भरायचं तर साधारण १०० लिटर लागेल, तेही दाबण्याआधीचं, म्हणून थोडं जास्तच आणा. बर्नमध्येच १०, ४० आणि ८० सें.मी. खोलीही तपासली होती (२००६): १०वाले तार कुरतडत आणि चाकावर जास्त पळत, ४० आणि ८०वाले बिळं खणत. म्हणजे खोल भुशात ती तुम्हाला आणखी कमी दिसेल. त्याला सुस्ती समजून उकरून काढू नका.

चाक आणि जड घरकुल भुशावर टेकवायचं नाही. खाली बीळ खणलं की वरचं कोसळतं आणि ती दबते. पाय थेट काचेच्या तळाला टेकतील असा बुटका लाकडी चौथरा करा, चाक त्यावर; त्या बाजूला भुसा कमी भरा, नाहीतर २८चं चाक टाकीच्या ४६ सें.मी. उंचीत मावणार नाही. वर चढायला दगडाचा किंवा जाडसर लाकडाचा तिरका उतार, निसरडा नको. एका कोपऱ्यात पसरट भांड्यात वाळू ठेवा: नदीची, चाळलेली, धुतलेली, कढईत भाजून गार केलेली. चिंचिला या प्राण्याच्या अंघोळीसाठी विकतात ती बारीक पावडर नको. घरट्याला कापूस कधीच नको, धागा पायाला गुंडाळतो. बिनवासाचा टिश्यू फाडून टाका, ती स्वतः ओढून नेते.

वाटी बंद. रोजचे १० ग्रॅम दाणे भुशात विखरून टाका. राळा, ज्वारी, नाचणी, जवस चालेल, सूर्यफुलाच्या बिया दोन-तीनच. वजन उतरवायला याहून सोपा व्यायाम नाही. जोडीला दुसरी आणू नका, सिरियन एकटाच राहतो, दोन ठेवले तर रक्तपात.

मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या मारायचा खडू किंवा पावडर अजिबात नको. साफसफाईत मुताचा कोपरा रोज, बाकी भुशाचा तिसरा हिस्सा महिना-दीड महिन्यानं. एका दिवसात सगळं बदललं तर तिचा वास जातो आणि ती बिथरते.

दाणेवाला
एक राहिलं. चाक बदलून, जागा देऊन तीन आठवड्यांत फरक नाही तर घराचा दोष नाही, डॉक्टर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन टिपा. शेपटीखाली ओलं, दात तिरके वाढलेले, एक गाल सतत फुगलेला, मादीच्या योनीतून पू किंवा रक्त: यातलं काही दिसलं तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जा. घरातलं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) देऊ नका, हॅमस्टरच्या आतड्यातले जंतू त्यानं बिघडतात आणि तो दगावतो. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा.

टाकी आतल्या खोलीत, जमिनीजवळ, खिडकीपासून दूर. कूलरचा झोत सरळ नको. आत फरशीचा एक तुकडा ठेवा, उन्हाळ्यात त्यावर पोट टेकून पडते. जानेवारीत उलटं: पहाटे पारा ८-१०वर गेला की ती गार, निपचित होऊन पडू शकते. दर वेळी ते मरण नसतं. ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या, हीटरपुढे धरू नका. पुरायच्या आधी मिशा बघा, हलताहेत का.