मदत हवी आहे: सिंगल मोड फायबरमधून लाल लेझरचा एकच ठिपका येत नाही

प्रश्न (पाकळी): हेलियम-निऑन लेझर, ६३२.८ नॅनोमीटर, १ मिलिवॉट, झोत ०.८ मिमी. सूक्ष्मदर्शकाचं १०एक्स ऑब्जेक्टिव्ह (भिंग, फोकल लांबी १६.५ मिमी) आणि टेलिकॉमच्या पिवळ्या पॅचकॉर्डचं दोन मीटर फायबर, दोन्ही टोकं कापलेली. पडद्यावर गोल ठिपक्याऐवजी चार पाकळ्या येतात, भोवती धूसर कडं. फायबरला बोट लागलं की नक्षी बदलते. जादा मोड गळावेत म्हणून फायबरचे पेन्सिलीला दहा वेढे दिले, फरक नाही. कापच वाईट आहे का?

त्रिज्या: कापाचं नंतर बघू. मोड म्हणजे फायबरमधून उजेड वाहायची एक ठरावीक नक्षी; सिंगल मोड म्हणताना तरंगलांबी सांगितली नाही तर ते अर्धंच वाक्य. किती मोड मावतात ते व्ही या आकड्यावरून कळतं: व्ही = २π × गाभ्याची (उजेड वाहणाऱ्या मधल्या भागाची) त्रिज्या × एनए (फायबर किती तिरका उजेड पकडतं त्याचं माप) ÷ तरंगलांबी. तुमच्या फायबरची त्रिज्या ४.१ मायक्रॉन, एनए ०.१४ धरा. टेलिकॉमच्या १५५० नॅनोमीटरला व्ही २.३३ येतो, म्हणजे २.४०५ च्या आत, एकच मोड. ६३३ ला तोच ५.७! तिथे एलपी-०१, ११, २१, ०२, ३१ आणि १२ अशा नावांचे सहा मोड मावतात. प्रत्येकाचा वेग निराळा, त्यामुळे फायबर जरा वाकलं की त्यांच्या कलांतला (फेजमधला) फरक बदलतो आणि पाकळ्या फिरतात.

पेन्सिलीची युक्ती कटऑफला (ज्या व्हीच्या खाली तो मोड गाभ्यात टिकत नाही त्या सीमेला) टेकलेल्या मोडवरच चालते. एलपी-१२ चा कटऑफ ५.५२, तो कदाचित गळेल. एलपी-११ मात्र गाभ्यात घट्ट बसलाय, वेढ्यांना दाद देणार नाही.

६०० नॅनोमीटरच्या आसपास कटऑफ असलेलं, म्हणजे त्याहून लांब तरंगलांबीला एकच मोड देणारं फायबर घ्या. काच १२५ मायक्रॉनचीच असते, त्यामुळे स्ट्रिपर (सोलायचं) आणि क्लीव्हर (कापायचं हत्यार) तेच चालतात. मोडचा व्यास मात्र ४.३ मायक्रॉनच्या आसपास, आणि तुमच्या १०एक्सचा ठिपका १६.६. फोकल लांबी साधारण ४.३ मिमी हवी. ४०एक्स चालेल, पण त्यात टोक आणि भिंग यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर राहतो, टोक भिंगावर आपटतं. ४.५ मिमीचं अ‍ॅस्फेरिक भिंग बरं. स्टेजवर (टोक बारीक सरकवणाऱ्या बैठकीवर) कंजुषी नको: १ मायक्रॉन बाजूला सरकलं की वीस टक्के उजेड गेला, २ सरकलं तर निम्म्याहून जास्त.

आवरण: धूसर कडं हा वेगळा आजार. तो गाभ्याबाहेर काचेच्या आवरणातून आलेला उजेड. बाहेरच्या टोकाजवळ सोललेल्या भागावर मेडिकलमधल्या ग्लिसरीनचा थेंब ठेवा, टोकाच्या तोंडाला लागू देऊ नका. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७, काचेचा १.४५७, म्हणून तो उजेड तिथेच बाहेर गळतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापाचं म्हणाल तर ठिपक्याला धूमकेतूसारखं शेपूट दिसलं तरच परत कापा. टोक डोळ्यासमोर धरून तपासू नका.

पाकळी: ग्लिसरीनने कडं गेलं, पाकळ्या तशाच. ६३३ चं फायबर मागवतो. कनेक्टर पीसी (सरळ तोंडाचा) की एपीसी (तिरक्या तोंडाचा)?

त्रिज्या: आत शिरायच्या टोकाला एपीसी. ८ अंशांच्या तिरक्या तोंडामुळे परतलेला उजेड लेझरमध्ये घुसून त्याला डळमळवत नाही. झोत मात्र साधारण ४ अंश कलता शिरायला लागतो, तेव्हा फायबर तेवढं तिरकं धरा. सरळ धरून स्क्रू फिरवत बसलात तर पॉवर मीटर काही वर चढणार नाही.