मदत हवी आहे : रत्ने हेच चलन असलेल्या काल्पनिक राज्यात रोजचा व्यवहार कसा चालावा?

नमस्कार.

एका कल्पनारम्य कादंबरीवर मी सध्या काम करीत असून तिच्यातील राज्याचा अर्थव्यवहार पटण्याजोगा कसा करावा, या प्रश्नापाशी अडकले आहे. इतिहास, अर्थशास्त्र किंवा जवाहिरांचा बाजार यांतले ज्यांना कळते, त्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

राज्याची रचना थोडक्यात अशी. चारही बाजूंना डोंगर आहेत, सोने-चांदी नाही, तांबे आहे ते भांड्यांनाही पुरत नाही. मात्र नद्यांच्या जुन्या गाळात, श्रीलंकेच्या रत्नपुरा भागात सापडतात त्याप्रमाणे, माणिक, नीलम, गोमेद, तामडे (गार्नेट) असे खडे सापडतात आणि पिढ्यानपिढ्या लोक तेच चलन म्हणून वापरत आले आहेत. पहिल्या प्रकरणात एक वाटसरू खानावळीत जेवतो, एक माणिक देतो आणि मार्गस्थ होतो. प्रसंग साधा आहे, पण खानावळवालीने त्याला मोड कशाची द्यावी आणि हातात पडलेला खडा माणिकच आहे हे तिला कोणी सांगावे, याची उत्तरे मिळाल्याखेरीज ते राज्य उभे राहत नाही.

पहिली अडचण तुकडे पाडण्याची आहे. सोन्याची लगड तोडली तरी दोन्ही तुकड्यांची बेरीज मूळ लगडीएवढीच भरते. रत्नाचे तसे होत नाही. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहून गेलेल्या जाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने हिऱ्याची किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असा हिशेब सांगितला आहे, आणि मुंबईच्या मोती बाजारातील ‘चव’ हे परिमाणही वजनाच्या वर्गावरच बेतलेले होते. या हिशेबाने एक कॅरेटच्या खड्याला एक एकक किंमत धरली, तर चार कॅरेटच्या खड्याची किंमत सोळा एकके होते. त्याचे दोन-दोन कॅरेटचे दोन खडे केले तर आठच उरतात, आणि चार खडे केले तर चार. म्हणजे मोड करण्यासाठी खडा फोडणारा माणूस प्रत्येक घावाला गरीब होत जातो. शिवाय खडा आपल्याला हवा तेथेच फुटेल याची खात्री नसते, ते वेगळेच.

दुसरी अडचण मला त्याहून मोठी वाटते. ताव्हर्नियेनेच खाणींवरच्या सौद्यांचे वर्णन केले आहे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, कापडाखाली एकमेकांचा हात धरतात आणि एक शब्दही न बोलता किंमत ठरवतात; पूर्ण हात दाबला की हजार, एक बोट दाबले की शंभर, आणि भोवती बसलेल्यांना आकडा कळतही नाही. वर्णन फार देखणे आहे आणि कादंबरीत असा प्रसंग घालण्याचा मोह आवरत नाही. परंतु ज्या वस्तूच्या प्रत्येक नगाची किंमत अशी स्वतंत्रपणे ठरवावी लागते, तिने दुसऱ्या वस्तूंच्या किमती कशा मोजणार? भाजीवालीशी घासाघीस भाजीच्या दराची असते, रुपयाच्या दराची नसते. माझ्या राज्यात मात्र दोन्ही बाजूंची घासाघीस होईल, आणि एका जेवणाचा हिशेब संध्याकाळपर्यंत चालेल.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतही रत्ने आणि नाणी ही दोन खाती वेगळीच दिसतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रत्नांची परीक्षा कोशात भरावयाच्या मालाच्या प्रकरणात येते; नाण्यांसाठी टांकसाळीचा अधिकारी आणि नाणी तपासणारा ‘रूपदर्शक’ निराळा नेमलेला असतो. दिल्लीत खिलजींच्या सेवेत असलेल्या ठक्कुर फेरू याने चौदाव्या शतकाच्या प्रारंभी रत्नपरीक्षेवर एक ग्रंथ लिहिला आणि नाण्यांच्या परीक्षेवर दुसरा. दोन्ही विषयांत अधिकार असलेल्या माणसालाही त्यांची सरमिसळ करावीशी वाटली नाही, हे मला बोलके वाटते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७५ मध्ये पैशाच्या अंगी असावेत असे गुण सांगताना रत्ने नेमकी या कसोटीवर बाद केली आहेत, कारण खरे आणि नकली यांतला भेद तज्ज्ञालाच कळतो.

यावर कोणी म्हणेल की नाण्यांनाही पारख लागतेच. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का असे अनेक रुपये एकाच वेळी चालत होते आणि पोतदार व सराफ त्यांना पारखून बट्टा (किमतीतली वजावट) लावत होते, हे खरे. परंतु त्या बट्ट्यामागे मुख्यतः चांदी किती हा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आकड्यात देता येत होते. खड्याचा रंग, पाणी, डाग, घाट हे सारे एका आकड्यात कसे बसवावे?

मी आतापर्यंत तीन मार्ग योजून पाहिले आहेत. पहिला असा की बारीक तामडे चिल्लर म्हणून चालवावेत आणि माणकांकडे मोठ्या व्यवहारांचे काम द्यावे. दुसरा मार्ग मोहोरबंद पुड्यांचा आहे. जपानमध्ये एदो काळात सोन्याची नाणी कागदात गुंडाळून, वर मोहोर लावून, न उघडताच हातोहात फिरत असत. तसे पारखी घराण्याच्या मोहोरेवर खड्यांची पुडी चालावी. तिसरा मार्ग म्हणजे खडे राजाच्या कोठारात आणि लोकांच्या हाती रोखे. पण मग ते राज्य रत्नांवर चालते असे म्हणायचे की कागदावर?

चलन बदलून टाकावे असा सल्ला कृपया देऊ नये, कारण कथानकाचा उत्तरार्ध त्यावर उभा आहे. एका किमयागाराला भट्टीत माणिक तयार करण्याची रीत सापडते आणि राज्याची घडी विस्कटते, असे ते कथानक आहे. म्हणून माझे दोन नेमके प्रश्न आहेत. कोणत्या अटींवर खडे पारखण्याऐवजी नुसते मोजून घेता येतील? आणि भट्टीतले माणिक बाजारात आल्यावर पडझड कोणत्या क्रमाने होईल?

प्रतिसाद १

आपला पहिला मार्ग योग्य आहे, फक्त तो शेवटपर्यंत न्यावा. हिऱ्यांच्या बाजारात बारीक माल चाळण्यांतून काढतात आणि एका मापाच्या राशीचा दर एकत्र ठरतो. तेथे प्रत्येक नगावर कोणी भिंग लावून बसत नाही. खडा चाळणीवर राहिला की मात्र त्याची पुडी वेगळी आणि दरही वेगळा. आपल्या राज्यात पैसा आणि खजिना यांच्यामधली सीमा हीच चाळणी असू द्यावी. खाली पडेल ते चलन, वर राहील ते राजाचे. ठरावीक वजनापुढचा हिरा राजाचा, हा नियम गोवळकोंडा आणि विजयनगर दोन्हीकडे होता, त्यामुळे वाचकाला तो उपरा वाटणार नाही.

मोजून घेण्याच्या चलनाचे उत्तम उदाहरण कवडीचे आहे. मालदीवची कवडी बंगाल आणि ओडिशात शतकानुशतके चालली, कारण ती आकाराने जवळपास सारखी, टिकाऊ आणि बनावट करायला परवडू नये इतकी स्वस्त होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओडिशात शेतसारासुद्धा कवड्यांत भरता येत होता. कंपनी सरकारने तो चांदीच्या रुपयांत मागायला सुरुवात केली तेव्हा रयतेचे हाल झाले, आणि १८१७ च्या पाईकांच्या (जमिनीच्या बदल्यात लष्करी चाकरी करणाऱ्यांच्या) उठावामागील कारणांत हेही एक कारण धरले जाते. तेव्हा आपला राजा सारा कशात घेतो, हे आधी ठरवावे. राजाने तामडे स्वीकारले की खानावळवालीही बिनतक्रार स्वीकारील.

आणखी एक सूचना. तामड्यांना भोके पाडून शंभरांच्या माळा कराव्यात. गुजरातेतील खंबायतचे कारागीर अकीकाच्या मण्यांना हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने भोके पाडत आले आहेत. काम चिकाटीचे असते. भोक पाडण्याचा हा खर्चच नकली माळ करणाऱ्याला आवर घालील. भोक पडलेला खडा अंगठीत बसवण्याच्या कामाचा राहत नाही, त्यामुळे लोक चांगले खडे दागिन्यांसाठी वेचून काढून उरलेले बाजारात लोटतील, ही भीतीही टळते.

मोठ्या माणकांनी खरेदी-विक्री करवू नये. इतिहासात मोठी रत्ने बहुधा तारण, खंडणी, आहेर आणि लूट म्हणून फिरली आहेत. नाशिकचा हिरा म्हणून ओळखला जाणारा, त्र्यंबकेश्वराशी जोडलेला हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला तो युद्धातली लूट म्हणून. फ्रान्समधील ‘रीजेंट’ हिरा राज्यक्रांतीनंतरच्या सरकारने कर्जासाठी गहाण ठेवला होता. अशा हिऱ्याने फौजेचा पगार थेट भागत नाही, पण त्याच्या बळावर पगाराचे कर्ज मिळते.

प्रतिसाद २

केवळ भट्टीविषयी लिहितो. ऑग्युस्त व्हेर्नोय यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ज्वालेत वितळवून माणिक घडवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली. तो दगड रासायनिकदृष्ट्या खराच माणिक असतो, त्यामुळे आपल्या किमयागाराला ‘लबाड’ म्हणणे कठीण जाईल; कथानकासाठी हे सोयीचे आहे. भिंगाखाली मात्र वक्र रेषा आणि वायूचे बुडबुडे दिसतात. ज्याला ते प्रथम दिसतील तो सराफ गप्प राहील, भट्टीतले खडे देण्यात खपवील आणि खाणीतले मागे ठेवील. नंतर जुन्या, वंशावळ माहीत असलेल्या खड्यांना अधिक भाव येऊ लागेल. पॅसिफिकमधील यॅप बेटावर, जेथे दगडी चकत्या पैसा म्हणून चालत, असेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओकीफ नावाच्या नाविकाच्या जहाजांतून आणि लोखंडी हत्यारांच्या साहाय्याने भल्यामोठ्या चकत्या सहज येऊ लागल्या, तेव्हा डोंगीतून जीव धोक्यात घालून आणलेल्या जुन्या चकत्यांची किंमत या नव्या चकत्यांना आली नाही. उलट संवर्धित (शिंपल्यात माणसाने वाढवलेले) मोती बाजारात आल्यावर आखाताच्या मोत्यांवर आघात झाला, त्यातच जागतिक मंदी आली, आणि बहरीन-कुवेतची, बुडी मारून मोती काढणाऱ्यांची गावे कंगाल झाली. या दोहोंपैकी कोणता शेवट आपल्याला हवा, हे आपण ठरवावे.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. चाळणी आणि भोके पाडलेल्या माळा दोन्ही घेत आहे. सारा तामड्यांच्या माळांतच भरला जाईल. त्यामुळे खानावळीचा प्रसंग सुटला. वाटसरू माळेतून पाच खडे काढून देईल आणि माणिक कमरेच्या पिशवीतच ठेवील.

मात्र यातून एक नवा पेच उभा राहिला आहे. माणिक रोजच्या व्यवहारात नसतील, तर भट्टीचा धक्का शेतकऱ्याला लगेच बसणार नाही. तो बसेल राजाच्या कर्जाला, कारण शेजारच्या राज्यांतून धान्य आणि घोडे घेण्यासाठी काढलेले रोखे कोठारातल्या माणकांच्या तारणावर निघाले आहेत. दुसऱ्या प्रतिसादातील गप्प राहणारा सराफ मी सीमेवरच्या बाजारपेठेत बसवीत आहे. हुंडीच्या किंवा रोख्यांच्या व्यवहारांची माहिती असणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की अशा वेळी तो सराफ रोख्यांवर उघडपणे बट्टा वाढवील, की मुदत कमी करील, की राजधानीतल्या आपल्या आडत्याला गुपचूप निरोप धाडून आधी स्वतःचे रोखे वटवून घेईल? प्रकरणाचा पुढचा भाग त्या निर्णयावर अवलंबून आहे.